जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरच्या इंजिनात वापरलेला कॅमशाफ्ट बसवताना

अ‍ॅम्बॅसॅडरचं पेट्रोल इंजिन रिबोरला उघडलं आणि कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, लोबवर (उंचवट्यांवर) खड्डे दिसले, की खरी शोधाशोध सुरू होते. पिस्टन, रिंगा, बेअरिंग मिळून जातात. कॅमशाफ्टला मात्र दुकानदार मान हलवतो. हिंदुस्थान मोटर्सचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ च्या मे महिन्यात बंद पडला, आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) १४८९ सीसीचं जुनं इंजिन तर त्याच्या कितीतरी आधी मागे पडलं होतं. मग कुणीतरी सांगतं, ‘भंगारात बघ ना, ढिगाने पडलेत.’ पडलेत खरे. पण वापरलेला कॅम घेणं म्हणजे वापरलेला जॅक किंवा बंपर घेणं नव्हे. चुकीचा बसवला तर तो हजार-दोन हजार किलोमीटरात स्वतः घासून जातोच, वर लोखंडाचा चुरा ऑइलमध्ये सोडून तुमची नवी बेअरिंगंही खातो.

खालचं सगळं याच १४८९ सीसी इंजिनाला, म्हणजे बीएमसीच्या बी-सिरीजला, समोर ठेवून लिहिलंय. कॅम ब्लॉकमध्ये, त्यावर टॅपेट (लोबवर टेकून वरखाली होणारं नळकांडं), टॅपेटवर पुशरॉड, वर रॉकर अशी रचना असलेल्या पद्मिनी वगैरे इंजिनांनाही तत्त्व तेच लागू पडतं. मापं मात्र त्या त्या मॅन्युअलची घ्यायची. इसुझूचं १८०० सीसी इंजिन असलेल्या नंतरच्या अ‍ॅम्बॅसॅडरचं गणित वेगळं, तिथे कॅम वर हेडमध्ये फिरतो. तुमच्या बॉनेटखाली कुठलं इंजिन आहे हे आधी बघून घ्या.

कॅम आणि टॅपेट ही जोडी आहे

नवख्या माणसाला एवढी एक गोष्ट कळली की अर्धं काम झालं. टॅपेटचा तळ सपाट दिसतो, पण बहुतेक इंजिनांत तो किंचित फुगीर घासलेला असतो. लोबही एका बाजूला अगदी नखभर उतरता असतो आणि टॅपेटच्या बरोबर मध्यावर बसत नाही. यामुळे टॅपेट वरखाली होताना स्वतःभोवती गोलही फिरतं, आणि झीज एकाच जागी न होता सगळ्या तळावर पसरते. काही हजार किलोमीटर झाले की प्रत्येक टॅपेट आपल्या लोबशी जुळून जातं. शेजारच्या लोबवर ठेवलं तर संपर्क नको त्या कडेवर येतो, फिरणं थांबतं आणि दोन्ही खराब होतात.

यातून निघणारे नियम असे. जुना कॅम आणि त्याचीच टॅपेट, प्रत्येक आपल्याच जागी: चालेल. जुना पण लोब चांगले असलेला कॅम आणि नवी टॅपेट: बहुतेक जण चालवून घेतात, मीही घेईन. नवा किंवा नव्याने ग्राइंड केलेला कॅम आणि जुनी टॅपेट: कधीच नाही. एका गाडीचा कॅम आणि दुसऱ्या गाडीची जुनी टॅपेट: तेही नाही. स्वतःच्याच टॅपेटांची अदलाबदल झाली असेल तर ती परक्या गाडीचीच समजा.

म्हणून बाजारात नुसता कॅम हातात आला तर मी त्याला वापरायचा पार्ट धरत नाही. त्याची आठ टॅपेट क्रमाने लावलेली मिळाली तरच तो ‘वापरलेला कॅम’. नाहीतर तो ग्राइंडिंगसाठी घेतलेला कच्चा माल, आणि किंमतही तेवढीच द्यायची.

काढताना

स्वतःच्या इंजिनाचा असो की दाता म्हणून घेतलेल्या भंगार इंजिनाचा, कॅम स्वतःच्या हाताने काढता आला तर उत्तम. भंगारवाल्याकडे पूर्ण इंजिन पडलेलं असेल तर सुटा कॅम घेण्यापेक्षा ‘मला उघडू द्या’ म्हणून विचारून बघा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

बी-सिरीजला कॅम पुढच्या बाजूने बाहेर येतो. त्याआधी बरंच काही निघावं लागतं: रॉकर असेंब्ली, पुशरॉड, टॅपेट, फ्युएल पंप, डिस्ट्रिब्युटर आणि त्याचा ड्राइव्ह, टाइमिंग कव्हर, चेन आणि स्प्रॉकेट, खालून सम्प आणि ऑइल पंपाचा ड्राइव्ह. शेवटी पुढची लोकेटिंग प्लेट. डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह स्पिंडल बोटांनी निघत नाही. त्याच्या माथ्यात आटे असतात. ५/१६ इंची यूएनएफ आट्याचा साडेतीन इंचांच्या आसपास लांब बोल्ट त्यात फिरवायचा आणि बोल्ट धरून, किंचित वळवत, वर ओढायचा. हे माहीत नसलेले लोक तिथे स्क्रू-ड्रायव्हर घालून कडा मोडतात.

टॅपेट काढायला मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकवर दोन झाकणं आहेत. ती उघडली की बोट घालून टॅपेट वर उचलता येतं. जुन्या ऑइलची लाख चढून अडकलं असेल तर जोर लावू नका. थोडं डिझेल सोडा, चहा पिऊन या, मग गोल फिरवत काढा.

आता क्रम. मिठाईचं रिकामं खोकं उलटं घ्या, त्याला एका ओळीत आठ भोकं पाडा, एका टोकाला मार्करने ‘रेडिएटर’ लिहा आणि १ ते ८ आकडे टाका. टॅपेट, पुशरॉड सगळं त्याच आकड्यावर. या इंजिनात पुढून मोजलं तर १, ४, ५, ८ हे एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ हे इनलेट व्हॉल्व्ह. तेही लिहून ठेवा, पुढे मापं घेताना लागेल. टॅपेटच्या घासणाऱ्या तळावर पंच मारू नका, कोरू नका. खूण करायचीच असेल तर आतल्या भिंतीला रंगाचा ठिपका पुरे.

कॅम बाहेर ओढताना तो हळूहळू फिरवत, दोन्ही हातांनी आधार देत काढायचा, म्हणजे लोबची कड बुशांना (कॅम ज्यात फिरतो त्या कड्यांना) खरवडत नाही. आणि खाली पाडायचा नाही. हा ओतीव लोखंडाचा आहे, वाकण्याआधी तुटतो.

बाजारात

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, आणि अ‍ॅम्बॅसॅडरसाठी अर्थातच कोलकात्याचं मलिक बाजार. तिथे अ‍ॅम्बॅसॅडरचं भंगार जास्त, हे खरं. पण पिवळ्या टॅक्सी बहुतेक डिझेलच्या, हेही खरं. बीएमसीचं डिझेल इंजिनही १४८९ सीसीचंच होतं. ‘अ‍ॅम्बीचा आहे साहेब, एक नंबर पीस’ यावर जाऊ नका. आपला जुना, खराब झालेला कॅम सोबत न्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. जर्नलची (बुशात फिरणाऱ्या गोल भागाची) जाडी, लोबचा क्रम आणि दिशा, गिअरचे दात, फ्युएल पंप चालवणारा एक्सेंट्रिक, पुढच्या टोकाची की-वे, म्हणजे चावीची खाच: सगळं एकेक करून जुळवा. कॅमवर ओतलेला किंवा ठोकलेला नंबर असेल तर फोटो काढून ठेवा.

हेच १४८९ सीसी इंजिन ब्रिटनमध्ये एमजीएसारख्या स्पोर्ट्स गाडीतही होतं, त्यामुळे परदेशातला नातेवाईक ‘तिकडून पाठवू का’ म्हणतो. बसेल कदाचित, पण लोबचा आकार आणि व्हॉल्व्ह टाइमिंग वेगळं असू शकतं. मग कार्ब्युरेटर आणि इग्निशन नव्याने जुळवत बसावं लागतं. गाडी लग्नात आणि रविवारी काढायची असेल तर या भानगडीत पडू नये असं माझं मत.

जागेवरच करायची तपासणी सोपी आहे. खिशात फडकं आणि थोडं डिझेल ठेवा, कॅम पुसून उन्हात धरा. लोबचा वरचा टोकदार भाग म्हणजे नाक, आणि उलट बाजूचा गोल भाग म्हणजे पाठ. नाकावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं, खड्डा लागला किंवा कड कापल्यासारखी धारदार झालेली दिसली तर ठेवून द्या. चमक करडी, एकसारखी हवी. निळसर किंवा तपकिरी झाक म्हणजे ऑइलशिवाय तापलेला. पावसात पडून आलेला पातळ गंज पाठीवर असेल तर पॉलिशने जातो. नाकावर गंजाचे खड्डे असतील तर नाही जात.

घरी आणल्यावर मापं

साधनं: ०–२५ आणि २५–५० मिमीचे मायक्रोमीटर, किंवा इंची असतील तर अधिक चांगलं, कारण या इंजिनाची सगळी मापं इंचांत आहेत. व्हर्निअरने भागत नाही. एक डायल गेज मित्राकडून आणा.

प्रत्येक लोबची नाकापासून पाठीपर्यंत उंची घ्या, मग त्याला काटकोनात पाठीची रुंदी. पहिल्यातून दुसरी वजा केली की त्या लोबची लिफ्ट आली. साध्या रस्त्याच्या कॅमला हा हिशोब पुरतो. चारही इनलेटच्या लिफ्ट एकमेकांशी ताडून बघा, चारही एक्झॉस्टच्या एकमेकांशी. चांगल्या कॅमवर हे आकडे एक-दोन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरकात बसतात. एखादा लोब पाच थाऊने खाली असेल तर माझ्या मते तो कॅम गेला. रॉकरमुळे ही तूट व्हॉल्व्हपाशी सुमारे १.४ पट होऊन पोचते. शिवाय कडकपणाचा वरचा थर तिथे झिजलाय, म्हणजे पुढची झीज याहून वेगाने होणार. सगळेच लोब सारखे झिजलेले असतील तर आपापसात ताडून काही कळणार नाही, तिथे मॅन्युअलचा आकडाच लागतो.

पुढे जर्नल. या कॅमला तीन जर्नल आहेत आणि तिन्हींचे व्यास वेगळे: पुढचा सर्वांत मोठा, मागचा सर्वांत लहान, म्हणजे तो पुढून आत सरकतो. त्यामुळे दोन सारख्या व्ही-ब्लॉकवर तो आडवा बसत नाही, तिरका राहतो, आणि नवखा माणूस तो तिरकेपणा बघून ‘वाकलाय’ म्हणतो. लेथवाल्याकडे जा, दोन सेंटरमध्ये पकडायला सांगा आणि मधल्या जर्नलला डायल गेज लावून हाताने फिरवा. सुई दोन थाऊपेक्षा (०.०५ मिमी) जास्त हलली तर वाकलेला. ठोकून सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. ओतीव लोखंड ठोकून सरळ करायचा प्रयोग दुसऱ्याच्या कॅमवर होऊ दे.

जर्नल दोन दिशांनी मोजा, अंडाकृती झालाय का कळेल. चरे नखाला लागत नसतील तर ठीक.

मधल्या तिरप्या दातांच्या गिअरकडे बरेच जण बघतच नाहीत. डिस्ट्रिब्युटर आणि ऑइल पंप यावरच चालतात. दाताचं टोक सुरीसारखं झालं असेल तर इग्निशन टाइमिंग फडफडतं. स्ट्रोब लावल्यावर खूण नाचते आणि लोक डिस्ट्रिब्युटर बदलत बसतात. पुढच्या टोकाची की-वे रुंदावली असेल तर स्प्रॉकेट हलतं. अर्धचंद्री की नवी घातली तरी उपयोग नाही.

तड बघायला कॅम तारेने टांगून हलकेच टिचकी मारा; खणखणीत वाजला तर बरं लक्षण. पक्की खात्री हवी तर डाय पेनिट्रंटचा स्प्रे मिळतो, वर्कशॉपवाला करून देईल.

टॅपेट

आठही स्वच्छ धुऊन, पुसून, खोक्यातल्या आपापल्या भोकात परत. एकेक उचला आणि तळ उजेडात फिरवा. एकात एक अशी गोल वर्तुळं दिसली तर ते नीट फिरत होतं. तळावर एकच सरळ पट्टा दिसला तर फिरणं थांबलेलं; ते टॅपेट बाद, आणि त्याचा लोब पुन्हा एकदा नीट बघा. उन्हात मुरमं दिसावीत तसे बारीक खड्डे असतील तर बाद. मग स्टीलची पट्टी तळावर उभी धरून खिडकीसमोर न्या. फुगीर तळाचं असेल तर मध्ये टेकेल आणि कडांपाशी उजेडाची रेघ दिसेल. उलट झालं, कडांना टेकून मध्ये उजेड दिसला, तर तळ खोल गेलाय.

एक-दोन टॅपेट खराब निघाली तर तेवढीच नवी टाकायची का? लोब चांगला असेल तर टाकता येतात. तीन-चार असतील तर आठही नवी घ्या.

बसण्याची कसोटी बीएमसीच्या मॅन्युअलातलीच आहे: ऑइल लावलेलं टॅपेट आपल्या भोकात स्वतःच्या वजनाने हळू उतरलं पाहिजे. धाडकन पडलं तर सैल, अडकलं तर घट्ट.

पुशरॉडही त्याच आकड्यांवर ठेवा. काचेवर लोळवून बघा, वाकलेला लगेच उड्या मारतो. रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हने खाच पाडली असेल तर फिलर गेज त्या खाचेवरून सरळ जातं आणि गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट) खोटा लागतो. टोक घासून घ्या किंवा रॉकर बदला.

ग्राइंडिंगला द्यायचा असेल तर

नुसता कॅम मिळाला, लोब किरकोळ खराब, जर्नल आणि गिअर ठणठणीत: असा कॅम ग्राइंडिंगला चांगला. क्रँक ग्राइंड करणारे सगळेच कॅम करत नाहीत; त्याला वेगळं मशीन आणि मास्टर, म्हणजे नमुन्याचा कॅम, लागतो. विचारायचं ते असं: मास्टर कुठल्या कॅमवरून घेणार? लोबचा उतार ठेवणार का? नाकावरचा कडक थर संपत नाही ना? शेवटी फॉस्फेटचा काळा लेप देता येईल का? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं दुकान.

ग्राइंड केल्यावर पाठीचा व्यास कमी होतो, टॅपेट तेवढं खाली बसतं. रॉकरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूमध्ये थोडी जागा असते, तेवढ्यात भागलं पाहिजे. स्क्रू पार तळाला गेला तर जास्त घासलाय. आणि ग्राइंड केलेल्या कॅमवर टॅपेट नवी, किंवा ग्राइंडरकडूनच तळ फुगीर घासून घेतलेली.

ब्लॉकची बाजू

कॅम ज्या बुशांत फिरतो ती व्हाइट मेटलची. दुसऱ्या गाडीचा कॅम तुमच्या बुशांत कसा बसतो हे मोजल्याशिवाय कळत नाही. प्लास्टीगेज (दाबून फट मोजायची प्लास्टिकची तार) इथे चालत नाही, कारण बुश अखंड गोल आहे, उघडून बघता येत नाही. टेलिस्कोपिक गेजने बुशचा आतला व्यास घ्या आणि जर्नलचा वजा करा. एक ते दोन थाऊ फरक योग्य. तीन-चारवर गेला तर गरम झाल्यावर ऑइल प्रेशर खाली येईल आणि तुम्ही ऑइल पंपाला शिव्या द्याल. नवी बुशं ठोकून भागत नाही. ठोकल्यानंतर तिन्ही एका रेषेत रीमर मारून मापात आणावी लागतात. हे काम घरचं नाही. बुशचं भोक ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकासमोर आलं का, हे मात्र काम घेऊन येताना तुम्हीच तार घालून बघा.

बसवणं

जर्नलला साधं ऑइल, लोबना आणि टॅपेटच्या तळांना मॉलिब्डेनमवालं असेंब्ली ल्युब. कॅम फिरवत आत. लोकेटिंग प्लेट लावून स्प्रॉकेट घट्ट केल्यावर कॅम पुढेमागे ढकलून बघा: तीन ते सात थाऊ खेळ हवा. जास्त असेल तर प्लेट नवी. मग दोन्ही स्प्रॉकेटवर सरळ पट्टी टेकवा. एका पातळीत नसतील तर क्रँकच्या स्प्रॉकेटमागे शिम घालतात. चेन जुनी वापरू नका, कितीही बरी दिसू दे. दोन्ही स्प्रॉकेटवरच्या खुणा समोरासमोर आणून चेन चढवा, हाताने क्रँक दोन फेरे फिरवून खुणा परत जुळतात का बघा.

गॅप लावायला नऊचा नियम: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला लावायचा, सातवा उघडा असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. आकडा मॅन्युअलचा.

ऑइल आणि पहिला स्टार्ट

सपाट टॅपेटला झिंक-फॉस्फरसवालं, म्हणजे झेडडीडीपी असलेलं ऑइल लागतं. नव्या गाड्यांच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी फॉस्फरसवर मर्यादा घातलेली आहे. एपीआय एसएम ग्रेडपासून ती ०.०८ टक्के आहे. ‘सर्वांत महाग सिंथेटिक’ टाकून या इंजिनाचं भलं होत नाही. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मिनरल घ्या, आणि डब्यावर सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांसाठी चालेल असं असेल तर उत्तम.

जुना कॅम आपल्याच टॅपेटांसह परत बसवला असेल तर खास रन-इनची (सुरुवातीला चालवून भाग एकमेकांशी जुळवून घेण्याची) गरज नाही. ग्राइंड केलेला कॅम किंवा नवी टॅपेट असतील तर पहिली वीस मिनिटं निर्णायक. लोबना ऑइल मुख्यतः क्रँकच्या उडण्याने मिळतं, आयडलला ते पुरत नाही. म्हणून आधीच सगळं तयार ठेवा: टाइमिंग लावलेलं, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल, रेडिएटर भरलेला, बॅटरी चार्ज. प्लग काढून स्टार्टरने फिरवून ऑइल प्रेशर आणा, पण उगाच फिरवत राहू नका. इंजिन सुरू झालं की लगेच दोन हजार आरपीएमच्या आसपास न्या आणि वीस मिनिटं दीड ते अडीच हजारात वरखाली करत ठेवा. मध्येच गळती दिसली तर बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा तिथूनच पुढे. आयडलवर कान लावून ऐकायचा मोह आवरा, घरचे कितीही कौतुकाने बघत असले तरी.

त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला. जुनं ऑइल गाळताना त्यात चुंबक फिरवा; करडी मऊ पेस्ट थोडी येणारच, पण टोचणारे कण आले तर टॅपेटची झाकणं उघडायची. पाचशे किलोमीटरनंतर आठही गॅप पुन्हा मोजून पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. सगळे थोडेसे बदलले असतील तर परत लावून घ्या. एकाच व्हॉल्व्हचा गॅप दोन-चार थाऊने वाढला असेल तर तो लावून गाडी पुढे हाकू नका; त्याच आकड्याचं टॅपेट बाहेर काढून त्याचा तळ उजेडात धरा.